बिलाशिवायचे गहू

मला पहिली नोकरी लागली ती हसण्याची. कागदावर ‘कस्टमर असोसिएट’ असं काहीतरी लिहिलं होतं, पण पहिला आठवडाभर आम्हाला शिकवलं ते फक्त हसायला. गिऱ्हाईक जवळ आलं की मान किंचित झुकवायची, दात थोडे दिसू द्यायचे आणि म्हणायचं, ‘गुड मॉर्निंग, वेलकम.’ शिकवायला मुंबईहून एक बाई आल्या होत्या. त्यांनी आम्हा पोरींना आरशासमोर रांगेत उभं करून हसवलं. आमच्या मांजरी गावात मी चारचौघांत दात काढले असते तर आईने घरी नेऊन धपाटा घातला असता. इथे दात दिसले नाहीत म्हणून बोलणी बसत होती.

हडपसरच्या पुढे तेव्हा आयटीवाल्यांच्या उंच इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या. आदल्या वर्षी जिथे ऊस बघितला होता तिथे पुढच्या वर्षी पोहण्याचा तलाव दिसायचा. त्या लोकांना वाण्याच्या दारात उभं राहून यादी वाचायला वेळ नव्हता, त्यामुळे आमचं दुकान आलं. देशभर शाखा असलेली कंपनी, मोठ्या काचा, गारेगार एसी, आणि डाळ-तांदळापासून बनियनपर्यंत सगळं एका छताखाली. मला दिलं धान्याच्या विभागात. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हे ऐकलं आणि जेवता जेवता हात थांबवला. “आपल्या रानात गहू पिकवायचा आन दुसऱ्याच्या दुकानात जाऊन इकायचा? झ्याक हाय!” पण अडवलं नाही. आमची बरीचशी जमीन तोवर इमारतींखाली गेली होती, आणि घरातल्या कुणालातरी महिन्याच्या महिन्याला पगार असावा हे त्यांनाही कळत होतं.

मला ती नोकरी आवडायची, हे आधी सांगून टाकते. आता लोक अशा नोकऱ्यांबद्दल बोलतात तेव्हा नुसतं रडगाणं ऐकू येतं, म्हणून सांगते. सकाळी शटर वर जायच्या आधी सगळं दुकान झाडून-पुसून लखलखीत असायचं. भाज्यांवर पाण्याचा फवारा मारलेला, बेकरीतून पावाचा वास येत असलेला, आणि त्यात आम्ही सगळे निळ्या कुडत्यात गोल उभे राहून टाळ्या वाजवत कंपनीची इंग्रजी प्रतिज्ञा म्हणायचो. अर्धी प्रतिज्ञा कुणालाच पाठ नव्हती, पण टाळ्या जोरात असायच्या. माझ्या नावाचं एटीएम कार्ड आमच्या घरात आलेलं पहिलं कार्ड होतं. ते मी कितीतरी दिवस उशीखाली ठेवून झोपायचे.

पण पाय दुखायचे. दुकानात कामाच्या वेळी बसायचं नाही, हा नियम. टेकायचंसुद्धा नाही. रात्री घरी गेल्यावर सुजलेले घोटे पायजम्यात अडकायचे. दिवाळी, दसरा, पाडवा, सगळ्या सणांना ड्युटी, कारण सणालाच गर्दी. एकदा भाऊबीजेची रजा मागायला मी सरांकडे गेले. सर म्हणजे आमचे स्टोअर मॅनेजर, सदाशिव पेठेतले, तिशीचेच पण चेहऱ्यावर कायम रिटायर झाल्याचा भाव. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “भावाला इकडेच बोलवा. सात नंबरच्या काउंटरवर ओवाळा. त्यालाही काहीतरी खरेदी करता येईल.”

असं त्यांचं बोलणं. एखादी पोरगी गिऱ्हाइकाकडे बघून हसली नाही, तर शेजारी येऊन हळूच विचारायचे, “आपण हसू शनिवार-रविवारसाठी राखून ठेवलंय का?” आम्हाला ते अजिबात आवडायचे नाहीत. सगळ्यांना ‘आपण’ म्हणणारा माणूस इतका खडूस असू शकतो हे मला तिथे कळलं.

सगळ्यात जास्त राग यायचा तो मागच्या गेटचा. गिऱ्हाइकांसाठी पुढचं काचेचं दार, आणि आम्हा कामावरच्यांसाठी मागे माल उतरवायच्या जागेजवळचं लोखंडी गेट. तिथे फौजेतून रिटायर झालेले एक मामा वॉचमन म्हणून बसायचे. बाहेर जाताना प्रत्येकाने पिशवी उघडून दाखवायची. दुकानात मिळणारी कुठलीही वस्तू जवळ निघाली, तर तिचं बिल हवं. बिल नसेल तर चोरी, आणि चोरीला दुसरी संधी नाही. घरून एखादी वस्तू आणली असेल तर आत येतानाच ती मामांना दाखवून नोंदवून घ्यायची. अर्धी वापरलेली लिपस्टिक, टिकल्यांचं पाकीट, सगळं. मामा स्वभावाने मऊ होते. ते पिशवीत बघायचे तेव्हा नजर जरा बाजूलाच असायची, जणू दुसऱ्याच्या घरात चुकून डोकावले आहेत.

आता वहिनीचं सांगते. आम्ही सगळ्या बिनलग्नाच्या, आणि तिच्या गळ्यात मंगळसूत्र, म्हणून सगळ्या दुकानाची ती वहिनी झाली. सरसुद्धा तिला वहिनीच म्हणायचे. ती वाशीमकडची. नवरा हिंजवडीला कंपनीची बस चालवायचा. पहाटे अंधारातच घर सोडायचा, माणसं तिकडे पोचवली की दुपारी बसमध्येच झोपायचा आणि संध्याकाळी त्या रस्त्यावरच्या वाहनांत तासन् तास अडकून परत यायचा. दोघं एकमेकांना बहुतेक झोपलेलेच बघायचे. हे ती हसत सांगायची. आम्हाला आरशासमोर शिकवलं होतं ते हसू तिला शिकवावं लागलं नव्हतं. तिच्या काउंटरवर कायम लांब रांग असायची आणि शेजारचे काउंटर मोकळे असले तरी लोक हलायचे नाहीत.

तिला दिवस गेले तेव्हा सगळ्यांत आधी तिने मला सांगितलं, तांदळाच्या पोत्यांच्या आड. मी आनंदाने ओरडणार होते, तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. “कोणाले सांगू नको वं. मले भेव वाटते.” तिचं आधीचं मूल पोटातच गेलं होतं. पुरे दिवस भरत आले होते. गावी त्याच्यासाठी झबली शिवून ठेवली होती. मग तिथे राहवेना, म्हणून दोघं पुण्याला आले.

आणि दुसरी भीती नोकरीची. ती अजून कायम झाली नव्हती. कायम झालेल्या बाईला बाळंतपणाची रजा मिळायची आणि परत त्याच जागेवर यायला मिळायचं. कच्च्या नोकरीतल्या बाईला कुणी काढून टाकायचं नाही, फक्त ती परत आली की जागा भरलेली असायची. अशा दोघी आमच्यासमोर गेल्या होत्या. वहिनीला ही नोकरी हवी होती. नवऱ्याच्या बसचा ठेका कधी सुटेल याचा भरवसा नव्हता. पण नुसतं तेवढंच नव्हतं. ती मला एकदा म्हणाली होती, “घरी मी एकटी असली का मले ते झबले दिसतात. इथं नाही दिसत.”

पोट दिसायला लागल्यावर तिने सरांना सांगितलं. सरांनी कॉम्प्युटरवर काहीतरी उघडून बघितलं. मग म्हणाले, “आपलं नाव मी कायम करण्यासाठी वर पाठवलंय. पत्र येईपर्यंत एक लक्षात ठेवा. उशीर नको, तक्रार नको, कसलाही शेरा नको. शेरा पडला तर माझ्या हातात काही राहणार नाही.” आणि दुसऱ्या दिवशीपासून तिला काउंटरवरून काढून वरच्या ऑफिसात मालाचे दर तपासायला बसवलं. बसवलं, म्हणजे खरोखर खुर्चीवर. आम्ही म्हटलं, खडूसाला आज काय झालं.

सातवा लागला तशी आमच्यात चुळबुळ सुरू झाली. डोहाळजेवण करायचं. वहिनी ऐकायलाच तयार नव्हती. “मागच्या वेळी सारं केलं होतं. हिरवी साडी, फुलाइचे दागिने, ओटी. काय झालं मंग? आता काही करू नका.” आम्ही पोरी कसल्या ऐकतोय! आम्ही तिच्यामागे भुणभुण लावली. शेवटी मी हे आईच्या कानावर घातलं. आई म्हणाली, “तिला सांग, मागल्या खेपंची ओटी मागल्या पोराची व्हती. ह्या पोराची अजून कुणी भरलीच न्हाई. त्याचा काय गुन्हा हाय?” मी हे जसंच्या तसं वहिनीला सांगितलं. ती पोत्यावर हात फिरवत उभी राहिली, आणि मग म्हणाली, “तुझी आई येईल का भरायले?”

आता ओटी भरायला सवाष्णी हव्यात, आणि आमच्यात तर सगळ्या कुमारिका. मग आई आणि दुकान झाडणाऱ्या मावशी, अशा दोघींवर भागवायचं ठरलं. सामानाचं मी म्हटलं, नारळ, खण, खारीक, बदाम मी दुकानातूनच घेते, गहूही घेते. आई माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी काहीतरी अभद्र बोलले. “त्या दुकानातलं? त्यास्नी पालिश केल्यालं आसतं. ओटीत रानातलं गहू घालत्यात.” उरलेल्या तुकड्यात दादांनी त्या वर्षी घरापुरता गहू केला होता. आईने तो निवडून, पाखडून, फडक्यात बांधून आणला.

सकाळची पाळी संपायच्या वेळेला आई मागच्या गेटशी येऊन उभी राहिली. नऊवारी, डोईवर पदर, काखेत बोचकं. मामांनी विचारलं, “काय हाय त्यात?” आई म्हणाली, “ओटीचं गहू.” मामा लगबगीने उठले आणि गेट उघडून बाजूला झाले. नोंद वगैरे त्यांच्या डोक्यातच आली नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्यापैकीही कुणाच्या आली नाही. रोज त्या गेटमधून जाणारे, त्या गेटच्या नावाने रोज बोटं मोडणारे आम्ही, पण ओटीचे गहू म्हणजे ‘दुकानात मिळणारी वस्तू’ असं कुणाच्या मनातच येईना.

मागच्या गोदामात, तेलाच्या डब्यांच्या आणि साबणाच्या खोक्यांच्या मधोमध आम्ही जागा केली. कपड्यांच्या विभागातल्या ट्रायल रूममध्ये वहिनीला आईची हिरवी साडी नेसवली. एका पोरीने मोगऱ्याच्या कळ्यांचे दागिने करून आणले होते. झोपाळा कुठून आणणार? म्हणून सरांची चाकांची खुर्ची पळवली, तिला झेंडूच्या माळा गुंडाळल्या आणि वहिनीला तिच्यात बसवून हळूहळू पुढे-मागे ढकलायला लागलो. गाणी म्हणत होतो तोंडावर रुमाल धरून, बाहेर गिऱ्हाइकांना ऐकू जाऊ नये म्हणून. तेवढ्यात दार उघडलं आणि दारात सर. आमच्या तोंडचं पाणीच पळालं. सरांनी आमच्याकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं. “कुणीतरी खुर्ची नेली म्हणून शोधत होतो,” ते म्हणाले. “असू दे. उभं राहून काम केल्याने प्रकृती चांगली राहते असं आपल्याच प्रशिक्षणात सांगतात.” आणि दार लावून गेले.

मग दोन झाकलेल्या वाट्या पुढे ठेवल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. वहिनीने एकाही वाटीला हात लावला नाही. “पोरगा होवो का पोरगी,” ती म्हणाली, “मले फक्त जितं पाहिजे.” आईने दोन्ही वाट्या उघडल्या, पेढा आणि बर्फी एकत्र कुस्करली आणि तिला भरवली. “दोनीबी खा. येणारं येतंय, जितंच येतंय.” मग तिने वहिनीला पदर पसरायला सांगितला आणि ओटी भरली. नारळ, खण, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम आणि ओंजळी ओंजळीने गहू. वहिनीने पदराची गाठ पोटाशी धरली. तिच्या चेहऱ्यावरची भीती मी पहिल्यांदाच जरा हललेली बघितली. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मी तिला दटावत होते की रडू नको.

भरली ओटी तशीच घरी न्यायची, देवापुढे ठेवायची. वाटेत कुठे रिकामी करायची नाही. वहिनीची ड्युटी संपलीच होती, म्हणून ती साडीतच निघाली. पुढे ती, एका बाजूला आई, मागे मी आणि दोघी-तिघी पोरी. आम्ही मागच्या गेटशी आलो आणि बघतो तर मामा उभे, आणि त्यांच्या खुर्चीवर एक सफारीवाला माणूस.

दुकानात महिनाभर माल कमी भरत होता, म्हणून मुख्य ऑफिसने न कळवता तपासणीला पाठवलेले ते साहेब होते. उत्तरेकडचे, हिंदी बोलणारे. त्यांनी आमच्या पिशव्या बघितल्या. मग वहिनीच्या पदराकडे बोट केलं. “इसमें क्या है?”

“ओटी,” वहिनी म्हणाली.

“खोलिए.”

तिने गाठ जराशी सैल करून दाखवली. नारळ, खण, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम यांचं बिल माझ्याजवळ होतं, ते मी पुढे केलं. त्यांनी एकेक वस्तू ताडून बघितली. माणूस कामाचा चोख होता. “और गेहूँ? गेहूँ का बिल?”

मी सांगितलं, हे आमच्या शेतातले आहेत, आई घेऊन आली आहे. त्यांनी मामांना विचारलं, नोंद केली का? मामांची मान खाली. फौजेतला माणूस, खोटं बोलता येईना. “मग हे दुकानातले नाहीत कशावरून?” त्यांनी हिंदीत विचारलं. आणि गोदाम गव्हाच्या पोत्यांनी भरलेलं, आणि त्या पोत्यांची जबाबदारी माझी. मी सांगू काय? ते म्हणाले, गहू इथे ओता, बाई घरी जाऊ देत, चौकशी नंतर करू.

वहिनी दोन पावलं मागे सरकली. पांढरीफटक पडली होती. तिला दोन्ही गोष्टी एकदम कळल्या होत्या. ओतले नाहीत तर चोरीचा शेरा, म्हणजे नोकरी गेली. आणि ओतले तर... ते तिला मनातही आणवत नव्हतं. तिने पदर दोन्ही हातांनी पोटाशी आवळून धरला. आई मध्ये जाऊन उभी राहिली. “भरल्याली ओटी रिकामी करत्यात व्हय? तुमच्यात आयाबाया हायत का न्हाईत?” साहेबांना मराठी कळत नव्हतं, पण आईचा आवाज कळला असावा. त्यांनी सरांना बोलावणं पाठवलं.

सर आले. सगळं ऐकून घेतलं. आमच्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं, आता हा माणूस नियम वाचून दाखवणार. ते म्हणाले, “बिल नहीं है, तो बिल बना देते हैं. मेरे नाम पे.” त्यांचं हिंदी सदाशिव पेठेच्या पलीकडे कधी गेलं नव्हतं.

“बनाइए. तौल लीजिए पहले,” साहेब म्हणाले.

पुन्हा तोच पेच. तोलायचं तर ओतावं लागणार. सरांनी क्षणभर इकडेतिकडे बघितलं. गेटजवळच पोती तोलायचा सपाट वजनकाटा होता, जमिनीला लागून, वर लाल आकडे दाखवणारा. सर वहिनीकडे वळले. “वहिनी, आपण जरा यावर उभ्या राहता का? सावकाश. ओटीसकट.”

मामांनी एक दंड धरला, आईने दुसरा. वहिनी काट्यावर चढली. मग दोघांनी हात सोडले. हिरव्या साडीत, मोगऱ्याच्या दागिन्यांत, पदर पोटाशी धरून ती पोत्यांच्या काट्यावर उभी, आणि वर लाल आकडे हलताहेत. आकडे स्थिर झाले. सरांनी ते मोठ्याने वाचले आणि खिशातून पेन काढलं.

“अब इसमें से वहिनी का वजन वजा करेंगे. साडी का करेंगे. नारियल का करेंगे,” ते अगदी शांतपणे म्हणाले. “बच्चे का कितना वजा करना है, वो आप बताइए. हेड ऑफिस का कोई सर्क्युलर होगा.”

कुणी हसलं नाही. आधी तर आम्हाला कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा हसायची हिंमत नव्हती. साहेबांचा चेहरा लाल झाला. ते उठून उभे राहिले. ते बघून वहिनी पदर सावरायला गेली आणि पदराच्या कडेने थोडे गहू घरंगळून खाली सांडले, काट्यावर, फरशीवर. बारीक आवाज झाला. ती रडायला लागली, अगदी आवाज न करता, आणि तिला खाली वाकताही येईना.

साहेबांनी सांडलेल्या गव्हांकडे बघितलं. मग पहिल्यांदाच तिच्या पोटाकडे, साडीकडे, फुलांकडे नीट बघितलं. “गोद भराई है?” त्यांनी विचारलं. सरांनी मान हलवली. ते साहेब खाली बसले. एवढा सफारीवाला माणूस उकिडवा बसून फरशीवरचा दाणा दाणा टिपत होता. ओंजळीत गोळा केलेले गहू त्यांनी वहिनीच्या पदरात परत घातले. आमच्याकडे पुरुष ओटी भरत नाहीत. आईने फक्त वहिनीचा पदर नीट धरला. “जाइए, बहनजी,” ते म्हणाले.

एखाद्या गोष्टीत हे इथे संपलं असतं. पण साहेब कामाचे चोख होते हे मी आधीच सांगितलं आहे. वहिनी गेल्यावर ते पुन्हा खुर्चीवर बसले आणि म्हणाले की गेटमधून बाहेरची बाई आणि नोंद न केलेला माल आत आला, हे मला लिहावंच लागेल. कुणी आत सोडलं? मामांनी तोंड उघडलं. सर त्यांच्या आधी बोलले. “मैंने.” साहेबांनी एकदा मामांकडे बघितलं, एकदा सरांकडे. मग सरांचं नाव लिहून घेतलं.

मला आजही राग येतो तो कुणाचा हे ठरवता येत नाही. नियम चुकीचा नव्हता, माल खरंच चोरीला जात होता. साहेब वाईट नव्हते. पण महिनाभरात सरांची बदली झाली, दूरच्या एका नव्या शाखेत, हुद्द्याने एक पायरी खाली. शेवटच्या दिवशी सकाळी प्रतिज्ञा झाल्यावर आम्ही त्यांना फुलं दिली. त्यांनी ती घेतली आणि म्हणाले, “आपण सर्वांनी माझ्या पश्चात आनंदात राहावं. म्हणजे टाळ्या अशाच वाजवाव्यात, आणि प्रतिज्ञा जमल्यास पाठ करावी.” मी त्यांच्या पाया पडणार होते. पण त्यांनी असं काही बघितलं की मी नुसतीच खाली वाकून चपलेचा पट्टा नीट केला.

त्यांनी वर पाठवलेलं वहिनीचं नाव यादीत तसंच कायम होतं. तिच्यावर शेरा नव्हता, कारण शेरा दुसऱ्याने घेतला होता. सर गेले त्याच आठवड्यात तिचं कायम झाल्याचं पत्र आलं. ती ते हातात धरून सरांच्या रिकाम्या केबिनच्या दाराशी बराच वेळ उभी होती.

तिला कळा सुरू झाल्या तेव्हा नवरा हिंजवडीच्या रस्त्यावर अडकलेला होता, म्हणून मी आणि आई दवाखान्यात बसलो. आई जपमाळ ओढल्यासारखी मंगळसूत्राचे मणी ओढत होती. मी भिंतीकडे बघत होते आणि मनात फक्त एक वाक्य येत होतं, मले जितं पाहिजे, मले जितं पाहिजे, तिच्याच बोलीत. मग आतून रडणं ऐकू आलं. इतकं चिडकं, इतकं खणखणीत, की आई उठून उभी राहिली आणि मटकन खाली बसली. मुलगी होती.

तोवर वहिनीचा नवरा आला, त्याने पोरीला बघितलं, आणि मग मी बाहेर येऊन टेलिफोन बूथवरून सरांच्या नव्या शाखेत फोन लावला. पलीकडे गर्दीचा आवाज होता, कुणीतरी ऑफर वाचून दाखवत होतं. सर फोनवर आले. मी म्हटलं, “सर, वहिनीला मुलगी झाली. दोघी चांगल्या आहेत.”

सरांनी विचारलं, “वजन किती?”

मी सांगितलं. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. ते रडत होते असं मी म्हणणार नाही, त्यांना ते आवडणार नाही. पण त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. बूथवाला काचेवर टकटक करत होता, आणि आम्ही दोघं तसेच, काही न बोलता, फोन धरून उभे होतो.